फटफटीचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा समोर घेतला की एक गोष्ट लगेच दिसते. रेल्वेची रेघ सगळी वरच्या अंगाला आहे. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. इंग्रजांची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळहून निघून १८६७ मध्ये नागपूरला पोचली ती याच वाटेने. १८७० मध्ये जलंबहून खामगावला एक फाटा काढला, तोही माणसांपेक्षा कापसासाठी. खाली दक्षिणेला, निजामाच्या हद्दीत, १९०० च्या सुमारास जालन्याला गाडी आली. मधला सगळा पट्टा मात्र कोरडा राहिला. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, आणि आमचे बीबी. खामगाव–जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. ती करणाऱ्यांच्या चार पिढ्या झाल्या, निवेदनांचे कागद पिवळे पडले, रूळ काही आले नाहीत.

बीबी हे लोणार तालुक्यातले, मेहकर–जालना रस्त्यावरचे गाव. एका बाजूला लोणारचे सरोवर, दुसऱ्या बाजूला जिजाऊंचे सिंदखेड राजा. बाहेरचे लोक ही दोन ठिकाणे बघायला येतात आणि जाता जाता आमच्या गावाच्या नावावरून एखादा विनोद करतात, त्याची आता सवय झाली आहे. इतिहास म्हटले की आपण किल्ले, वाडे, समाध्या, दर्गे यांच्याकडेच बघतो. पण गेल्या चाळीस वर्षांत आमच्या भागातल्या माणसाचे रोजचे जगणे कोणत्या एका वस्तूने सर्वांत जास्त बदलले, असे कोणी विचारले तर मी मोबाईलच्याही आधी मोटरसायकलचे नाव घेईन. बसस्टँडसमोर उभ्या असलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेट पाहा. एम.एच. २८ बुलढाण्याच्या आणि एम.एच. २१ जालन्याच्या अशा सरमिसळ उभ्या असतात. एकेकाळी ही दोन राज्यांची सरहद्द होती. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात, जालना निजामाकडे. आज वावरातून घरी यावे तसा माणूस ही सरहद्द दिवसातून दोनदा ओलांडतो.

त्याआधी माणूस कसा जात होता? पायी, बैलगाडीने, घरची परिस्थिती बरी असेल तर छकड्याने किंवा दमणीने. मग सायकल आली. मग एसटी. एसटीचा इतिहास लिहिताना सगळे १ जून १९४८ च्या पुणे–अहमदनगर गाडीपासून सुरुवात करतात, पण तो मुंबई राज्याचा इतिहास झाला. आमच्या वऱ्हाडात प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्टच्या गाड्या होत्या, आणि पलीकडे मराठवाड्यात निजाम सरकारच्या, ज्यांची सुरुवात १९३२ ची. महाराष्ट्र झाल्यावर १९६१ मध्ये हे तिन्ही एकत्र आले आणि आजचे महामंडळ तयार झाले. लाल गाडीने खेडे तालुक्याला जोडले यात शंकाच नाही. पण गाडी तिच्या वेळेला येणार, माणसाला त्याच्या वेळेला जायचे असते. शेवटची मुक्कामी गाडी चुकली की रात्र स्टँडवर काढायची किंवा ओळखीच्या घरी. जे गाव डांबरी रस्त्यापासून आत होते त्याच्यासाठी 'फाट्यावर उतरणे' हा प्रवासाचा शेवट नव्हता, दुसऱ्या प्रवासाची सुरुवात होती.

मोटरसायकल तेव्हाही होती, पण ती आपली नव्हती. जर्मनीत गॉटलीब डाइमलरने १८८५ मध्ये लाकडी सांगाड्यावर इंजिन बसवून पहिली फटफटी चालवली. भारतात ती आधी साहेबांची, लष्कराची आणि पोलिसांची. स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवर गस्त घालायला लष्कराला दणकट गाडी हवी होती. त्यातून इंग्लंडच्या रॉयल एनफिल्डची बुलेट इथे आली आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर कंपनी होऊन ती मद्रासलाच जुळू लागली. १९६० च्या दशकात म्हैसूरला इराणी कुटुंबाच्या आयडियल जावाने जावा काढली, जी १९७३ पासून येझदी नावाने विकली गेली. एस्कॉर्ट्सने राजदूत काढली. खेड्यात बुलेट म्हणजे फौजदार किंवा मोठा बागायतदार. राजदूत म्हणजे दूधवाला, ग्रामसेवक, गुरांचा डॉक्टर. गाडीचा आवाज ऐकून कोण येतोय ते घरात बसून सांगता यायचे. 'फटफटी' हा शब्द त्या आवाजाचाच आहे. यंत्रांचे कित्येक शब्द विद्वानांनी कोशात बसून घडवले, हा मात्र गल्लीतल्या पोरांनी घडवला असणार.

आपल्या महाराष्ट्राचा यात मोठा वाटा आहे. पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाजने इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली. तो करार १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ ला चेतक आली. त्याच वर्षी पुण्याच्याच फिरोदियांच्या कायनेटिकने लुना काढली. ५० सीसीचे छोटे इंजिन, पायडल मारले की सुरू, आणि उतारावर पेट्रोल संपले तरी सायकलसारखी दामटता येणारी. मध्यमवर्गाची पहिली गाडी हीच.

पण पैसे असूनही स्कूटर मिळत नसे. उत्पादन किती करायचे हे सरकार ठरवणार, आणि विक्रीवरही १९६० च्या नियंत्रण आदेशाचा पहारा. चेतकसाठी नाव नोंदवून माणसे आठ-दहा वर्षे थांबत. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र रांगेत उभे राहावे लागत नसे. कोकणातल्या ज्या मुस्लिम घरांतले कर्ते पुरुष आखातात होते, त्यांच्या दारात गाडी लवकर आली त्याचे हे एक कारण. आमच्या वऱ्हाड-मराठवाड्यातल्या मुसलमानांचे तसे नव्हते. इथे कोणी बागवान, कोणी कसाई, कोणी विणकर, कोणी शेतमजूर, कोणी बँडवाला. गल्फचा पैसा नाही आणि वशिलाही नाही. त्यांच्यासाठी सायकल हीच हद्द होती.

ही हद्द तोडली ती १९८४ ते ८६ या दोन-तीन वर्षांनी. सरकारने जपानी कंपन्यांशी भागीदारीला परवानगी दिली. हिरोने होंडाशी हात मिळवून १९८५ मध्ये सीडी १०० आणली. टीव्हीएसने सुझुकीशी, एस्कॉर्ट्सने यामाहाशी, बजाजने कावासाकीशी जमवले. याच काळात, १९८५ मध्ये, बजाजचा दुसरा कारखाना औरंगाबादजवळ वाळूजला सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी एम-८० आणि केबी १०० बाजारात आल्या. आमच्यासाठी वाळूज म्हणजे लांबचे पुणे नव्हते. आमच्या पट्ट्यातली कित्येक पोरे तिथे कामाला गेली. एम-८० ला शहरात कोणी फारसे विचारले नसेल, पण दुधाच्या दोन किटल्या, चाऱ्याचा भारा, खताचे पोते आणि त्यावर मालक, असा संसार तिने वर्षानुवर्षे ओढला.

सीडी १०० ने नेमके काय केले हे समजून घ्यायला इंजिनाकडे थोडे बघावे लागेल. त्याआधीच्या बहुतेक गाड्या दोन ठोक्यांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक. त्यांत पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे, ते पेट्रोलबरोबरच जळे, निळा धूर निघे आणि थोडेबहुत कच्चे पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जाई. महिन्या-दोन महिन्यांनी काजळी साचून सायलेन्सर बंद पडला की मिस्त्री तो काढून विस्तवावर जाळून साफ करीत. चार ठोक्यांच्या इंजिनात तेल वेगळे राहते आणि पेट्रोल पुरते जळते. एका लिटरमध्ये पूर्वी जे अंतर कापायचे त्याच्या जवळपास दुप्पट जाता येऊ लागले. 'अ‍ॅव्हरेज किती देते?' हा प्रश्न तेव्हापासून आपल्या भाषेत रुळला. लग्नाच्या मुलाच्या पगारापाठोपाठ विचारला जाणारा हाच प्रश्न असावा. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि १९९१ नंतरच्या खुल्या धोरणाने कर्जाचे हप्तेही दारात आणले. सुगीच्या पैशावर डाऊन पेमेंट आणि पुढच्या सुगीच्या भरवशावर हप्ते, असा हा व्यवहार.

२००१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर घरांपैकी सुमारे १२ घरांत दुचाकी होती. २०११ ला ती २१ झाली. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जवळजवळ निम्म्या घरांत. जगात इतक्या मोठ्या समाजाने एवढ्या थोड्या काळात स्वतःचे वाहन घेतल्याची उदाहरणे फार नाहीत. आणि हे घडले ते सरकारने रेल्वे दिली म्हणून नाही, दिली नाही म्हणून.

फायदा कोणाकोणाला झाला? भाजीवाल्या बागवानाला झाला, कारण तो आता एकाच आठवडी बाजारावर अवलंबून नाही, सोमवारी इथे तर मंगळवारी तिथे. कपड्यांचे गाठोडे घेऊन गावोगाव फिरणाऱ्या फेरीवाल्याला झाला. बाळंतीण अडली, साप चावला, लहान मूल रात्री तापाने फणफणले, तर शेजारच्याची गाडी हीच खेड्याची अ‍ॅम्ब्युलन्स. पश्चिम बंगालमधल्या जलपायगुडीच्या चहामळ्यातले कामगार करीमुल हक यांची आई वेळेवर वाहन न मिळाल्याने गेली. पुढे त्यांनी आपल्या मोटरसायकललाच रुग्णवाहिका केले आणि आसपासच्या गावांतले हजारो रोगी दवाखान्यात पोचवले. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्र सरकारनेही मुंबईत १० मोटरसायकल रुग्णवाहिका सुरू केल्या. नंतर त्या मेळघाटसारख्या भागातही गेल्या. करीमुलभाईंचे नाव आपल्या मदरशांत आणि शाळांत किती मुलांना माहीत आहे, हा प्रश्न मी अधूनमधून विचारत असतो. उत्तर उत्साह वाढवणारे नसते.

आणि एक फायदा आपल्या समाजाला विशेष झाला, त्याकडे कोणी इतिहास म्हणून पाहत नाही. तो म्हणजे गॅरेज. मराठवाडा-विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, मोटरसायकलचा मिस्त्री दहापैकी कितीदा मुसलमान निघतो ते मोजा. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही मुस्लिम कामगार ज्या धंद्यांत जास्त आढळतात त्यांत व्यापार, रस्ते वाहतूक, विडी-तंबाखू, कापड यांच्याबरोबर वाहनदुरुस्तीचे नाव आहे. शाळेतून सातवी-आठवीला गळालेला मुलगा उस्तादाच्या हाताखाली जातो. पहिले वर्ष पाने उचलून देणे आणि प्लग साफ करणे. मग चेन, क्लच प्लेट. मग हाफ इंजिन. पाच-सहा वर्षांनी तो नुसता आवाज ऐकून सांगतो की टायमिंग चेन वाजतेय की पिस्टन. शिक्षक म्हणून मला याचे कौतुकही वाटते आणि टोचतेही. ज्या मुलाला आम्ही 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणून मागच्या बाकावर बसवतो, तोच पुढे चार ठोक्यांचे तत्त्व हाताने समजून घेतो. आम्ही ते फळ्यावर समजावू शकत नाही.

या गॅरेजचीच आज कसोटी आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानक लागू झाले आणि कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी सेन्सर आणि फ्युएल इंजेक्शन आले. पूर्वी जे काम पेचकसने होई त्याला आता स्कॅनर लागतो. विजेवरच्या गाडीत तर ना पिस्टन, ना क्लच, ना प्लग. हवेसाठी हे चांगलेच आहे. देशातले जवळपास साठ टक्के पेट्रोल दुचाक्या पितात असे २०१४ च्या सरकारी पाहणीत दिसले होते. त्या धुराची किंमत दम्याच्या पेशंटला विचारा. पण रस्त्याकडेच्या दुकानातल्या चाळिशीतल्या उस्तादाला नवे शिकवणार कोण? आयटीआयच्या बहुतेक अभ्यासक्रमांना दहावीचा कागद लागतो आणि तो त्याच्याकडे नाही. आपल्या तंजीमा, जमाती, शिक्षणसंस्था दरवर्षी गुणवंतांचे सत्कार घेतात. त्यातल्या एका कार्यक्रमाच्या खर्चात पंधरा मिस्त्रींना महिनाभर इंजेक्शनचे काम शिकवता येईल. विणकरांचे हातमाग गेले तेव्हाही आपण असेच बघत राहिलो होतो.

बायकांचा हिशेब थोडा निराळा आहे. १९८४ ची कायनेटिक होंडा बटणावर सुरू व्हायची, गिअर नव्हते. मग स्कूटी, आणि २००० नंतर अ‍ॅक्टिव्हा. शहरातल्या बाईच्या हातात गाडी आली. खेड्यात ती अजून बहुतेक मागच्या सीटवर आहे. बुरख्यातल्या मुलीने स्कूटी चालवली की नाक्यावर माना वळतात, आणि त्यात आपल्याच घरातले जास्त असतात. सौदी अरेबियाने २४ जून २०१८ पासून बायकांना वाहन चालवायची मुभा दिली, मोटरसायकलसुद्धा. आमच्या नाक्यावर ही बातमी पोचायला अजून वेळ आहे. मागे बसणाऱ्यांसाठी एक साधी गोष्ट इथेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम म्हणतो की प्रत्येक मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला आधार आणि मागचे चाक अर्धे तरी झाकेल असे जाळीचे संरक्षण असलेच पाहिजे. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून पोरे पहिल्याच आठवड्यात तो काढून टाकतात. पदर, ओढणी, बुरखा चाकात गेला तर काय होते ते ज्याने पाहिले आहे तो तसे करणार नाही.

आता माझ्या धंद्याविषयी. एकेकाळी मास्तर गावात राहत. खोली भाड्याने घेत, पटेलाच्या किंवा देशमुखाच्या ओसरीवर वर्तमानपत्र वाचून दाखवत, कोणाचे पत्र लिहून देत, रात्री अडलेल्या मुलाचा अभ्यास घेत. उर्दू शाळेचा मुअल्लिम तर मशिदीतही असे, निकाहातही आणि मय्यतीतही. मोटरसायकल आली आणि मास्तर तालुक्याला राहायला गेले. अप-डाऊन सुरू झाले. मुख्यालयी राहण्याची अट, घरभाडे भत्ता, ग्रामसभेचा ठराव यावरून २०२२ मध्ये विधानसभेत बरेच रान उठले होते. मी स्वतः अप-डाऊन करतो आणि त्यात काही लाजिरवाणे आहे असे मला वाटत नाही. माझी मुले ज्या शाळेत शिकतात ती खेड्यात नाही, आणि खेड्यात भाड्याने घर मिळणे मुसलमानाला सगळीकडे सोपे नसते. तरीपण पाचच्या घंटेनंतर गावात एकही शिकवणारा माणूस उरत नाही, हे खरेच आहे. डॉक्टरचे, ग्रामसेवकाचे, तलाठ्याचे तेच झाले. गाडीने खेड्यातल्या माणसाला शहर दिले आणि खेड्यातला शिकलेला माणूस शहराला दिला. एसटीचेही तसेच. पुरुष गाडीवर गेले, फेऱ्या रिकाम्या पडू लागल्या, मग त्या बंद झाल्या, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्या म्हाताऱ्या, विधवा आणि मुली फाट्यावर उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०२१ पासून पाच महिने एसटीचा संप चालला तेव्हा हे उघडे पडले. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले आणि गाड्या पुन्हा बायकांनी भरल्या. गर्दी होतीच, तिला फक्त वाहन नव्हते.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर आपण जुम्याच्या बयानात क्वचितच बोलतो. माझ्या आजोबांच्या काळात जहेजमध्ये सायकल, घड्याळ आणि रेडिओ मागत. पुढे त्या जागी मोटरसायकल आली. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे आणि शरीयतमध्ये मेहर नवऱ्याने द्यायचा असतो, हे दोन्ही सगळ्यांना पाठ आहे. तरी मुलीचा बाप सोयाबीन विकून गाडीचे डाऊन पेमेंट भरतो, आणि 'आम्ही काही मागितले नाही, त्यांनी खुशीने दिली' असे म्हणत पाहुणे गाडीवरचे प्लास्टिक काढतात. त्या गाडीचे पुढचे हप्तेही कधीकधी मुलीच्याच बापाकडून येतात.

आता सर्वांत मोठा खर्च. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरात जवळजवळ ४५. मेलेल्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातले नव्हते. त्यातले १४,३३७ मागे बसलेले. दोनतृतीयांश मृत्यू ग्रामीण भागात आणि दोनतृतीयांश १८ ते ४५ या वयातले. हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे आहेत. एखाद्या लढाईत एवढी माणसे गेली असती तर आपण तिचा दिवस पाळला असता.

हेल्मेटची कथा मुसलमान वाचकांना ओळखीच्या एका माणसापासून सुरू होते. पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध अरबांचे बंड उभे करण्यात ज्याचे नाव येते तो 'अरबस्तानचा लॉरेन्स', टी. ई. लॉरेन्स. पुढे तो नाव बदलून हवाई दलात साधा शिपाई झाला, १९२७–२८ मध्ये कराचीत आणि वझिरीस्तानच्या मीरानशाहमध्येही राहिला. त्याला मोटरसायकलचे वेड होते. १३ मे १९३५ ला इंग्लंडमध्ये सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना तो ब्रो सुपिरियर गाडीवरून पडला आणि सहा दिवसांनी मेला. डोक्यावर काही नव्हते. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शल्यविशारद होता. हा मृत्यू त्याच्या मनातून गेला नाही. १९४१ मध्ये त्याने एक निबंध प्रसिद्ध केला: दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसलेले मेले, हेल्मेट घातलेले जखमी त्याला सातच दिसले आणि सातही वाचले. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांसाठी ते व्हायला तिथेही १९७३ उजाडले.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ आहे, १ जुलै १९८९ पासून लागू. पगडी घालणाऱ्या शिखांना तेवढी सूट. दाढी-टोपीवाल्यांना नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण 'टोपी आहे ना डोक्यावर' असे उत्तर मी ऐकले आहे. पुण्यात, म्हणजे ज्या शहराला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत आणि जे पुढे दुचाक्यांचे झाले तिथे, १ जानेवारी २०१९ ला सक्ती झाली तेव्हा लोकांनी हेल्मेटविरोधात मोर्चे काढले. २०१६ मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' असे जाहीर केले, पंपवाल्यांनी विरोध केला आणि ते थंड पडले. शिकलेल्या पुण्याची ही कथा, तर खेड्याने काय ऐकावे! गावात हेल्मेट फक्त तालुक्याच्या चौकीपुरते, ते हँडलला लटकलेले असते. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेले हेल्मेट विकणे गुन्हा आहे, पण रस्त्याकडेला प्लास्टिकच्या टोपल्या अजूनही विकल्या जातात.

अल्पवयीन मुलांचे तर विचारूच नका. नववीतला मुलगा गाडी चालवतो याचा बापाला अभिमान असतो. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९ (अ) आले: मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. मी पालकसभेत हे वाचून दाखवतो. लोक माना डोलावतात आणि बाहेर मुलगा गाडी घेऊन न्यायला आलेला असतो.

मिरवणुकांबद्दल दोनच वाक्ये. सायलेन्सर काढून, तिघे-चौघे बसवून, झेंडे लावून गाड्या पळवण्यात आता कोणताच समाज मागे नाही, आणि ईद-ए-मिलादला दवाखान्यासमोरून फटाके फोडत जाणारी आपली पोरे बघून मला इतरांना बोलायला तोंड उरत नाही. ज्यांचा जन्मदिवस म्हणून हे चालते, त्यांनी रस्त्यातला काटा बाजूला करण्यालाही पुण्य म्हटले आहे.

आमच्या जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर–शिर्डी भाग खुला झाला, पूर्ण ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये. त्यावर दुचाकीला बंदी आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसे गेली, ती बातमी देशभर पोचली. जुन्या मेहकर–जालना रस्त्यावर एकेकटा जाणारा मोटरसायकलवाला बातमी होत नाही. रात्री विनालाइटची ट्रॉली, उसाचा ट्रॅक्टर, नाहीतर धडक देऊन निघून जाणारा ट्रक, आणि सकाळी जनाजा. घरात इद्दतला बसलेली पंचवीस वर्षांची बाई.

तिला काय मिळते? बहुतेकदा काहीच नाही, कारण गाडीचा विमा संपलेला असतो आणि लायसन्स नसते. विमा जायज की नाजायज हा वाद आपल्याकडे अजून चालू आहे. त्यात मी पडत नाही. पण थर्ड पार्टी विमा हा आपल्या फायद्याचा नसून आपल्या गाडीखाली येणाऱ्याच्या हक्काचा आहे, आणि कायद्याने तो सक्तीचा आहे, एवढे तरी मौलवीसाहेबांनी सांगावे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. मात्र पाच वर्षांनंतर कोणी फिरकत नाही.

धडक देणारे वाहन सापडलेच नाही तरीही वाट आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. १ एप्रिल २०२२ पासून केंद्राची 'हिट अँड रन' भरपाई योजना लागू आहे. मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये, गंभीर जखमीला ५० हजार. २०२२ मध्ये अशा अपघातांत तीस हजारांहून जास्त माणसे मेली, पण अर्ज करणारे फारच थोडे. अर्ज अपघात झाला त्या भागाच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदाराकडे करायचा. सोबत एफआयआरची नक्कल, पोस्टमॉर्टमचा अहवाल, मृत्यूचा दाखला, वारसाचे ओळखपत्र आणि बँकेचे पासबुक. आमच्या भागात अपघात झाला असेल तर कागद बीबी पोलीस ठाण्यातून काढायचे आणि लोणार तहसीलला द्यायचे. एजंट लागत नाही. मे २०२५ पासून अपघातानंतर पहिले सात दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजनाही अधिसूचित झाली आहे. दवाखाना नाही म्हणाला तर लेखी नकार मागा. आणि जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती सोडून द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच त्याला संरक्षण दिले आहे आणि २०१९ पासून ते कायद्यात कलम १३४ (अ) म्हणून लिहिलेले आहे.